मुदतवाढ

लायसन्सचं नूतनीकरण करायला गेले होते, बाकी काही नाही. शाळेची बस चालवायचे मी तेव्हा. लायसन्स नाही तर नोकरी नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "ताई, तुमच्या नावावर अकरा वर्षांपूर्वीचं सिग्नल तोडल्याचं चलान आहे. वॉरंटही निघालंय. आधी कोर्टात जाऊन मिटवा."

चलान मला ठाऊक होतं. त्या दिवशी आईला धाप लागली म्हणून तिला स्कूटरवर मागे बसवून मी दवाखाना गाठत होते. तिनं माझ्या कमरेला घट्ट मिठी मारली होती. लाल दिवा लागला, मी थांबले नाही. पोचलो तेव्हा ती गेलेली होती. "वाटेतच," डॉक्टर म्हणाले. तिचे हात सोडवायला दोघे लागले.

महिन्यानं चलानाचं पाकीट आलं. आत सिग्नलवरचा फोटो असणार. त्यात आई जिवंत असेल की नाही? मी पाकीट फोडलंच नाही. नंतर आलेली पाकिटंही तशीच कपाटावर टाकत गेले.

कोर्टाचा तो विभाग तळघरात होता. भर दुपारी दिवे लावलेले. ओल्या कागदांचा वास आणि भिंतीला लागून एक लांब, रिकामा बाक. म्हाताऱ्या कारकुनानं फाईल काढली आणि बराच वेळ पानं उलटत राहिला.

"अकरा वर्षं वॉरंट घेऊन दाराशी कुणी आलं नाही, याचं नवल नाही वाटलं?"

"वाटलं. म्हटलं, विसरले असतील."

"इथे कुणी विसरत नाही, ताई. दर तारखेला तुमच्या आई येतात. मुलगी येईल, तेवढी मुदत द्या म्हणतात. साहेब देतात."

मला हसू आलं, घाबरल्यावर येतं तसं. "माझी आई... अकरा वर्षांपूर्वीच गेली."

त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. पानामागून पान, आईची सही. शेवटच्या अक्षराला खाली मारलेला तो झटका तिचाच. सगळ्यात खालची सही त्याच दिवसाची होती. मी बोट ठेवलं, तर शाई बोटाला लागली.

"तुम्ही यायच्या जरा आधी उठल्या," तो हळूच म्हणाला. "धाप लागलेली असते. आणि हात असे धरून बसतात..." त्यानं दोन्ही हात पुढे करून हवेतच कुणाला तरी मिठी मारल्यासारखं दाखवलं.

दंड भरला. फाईलवर शिक्का बसला. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि अकरा वर्षांचं एकदम रडले. घरी जाऊन पाकीट फोडलं. फोटोत आई कॅमेऱ्याकडे बघत होती.

दीड महिना बरा गेला. मग एका सोमवारी, मुलांना शाळेत सोडून बस धूत होते, तेव्हा कारकुनाचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"ताई, तुमच्यावर दुसरं काही प्रकरण आहे का?"

"नाही हो. का?"

"त्या... सकाळपासून बाकावर बसल्यात. मुदत मागतायत. मी सगळी कपाटं पालथी घातली, तुमच्या नावाची फाईलच नाही. कुठलं प्रकरण विचारलं, तर म्हणाल्या... बसचं. अजून व्हायचंय."

हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

"मग... दिली मुदत?"

पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं. तो कारकून नव्हता.

"साहेबांनी नाही म्हटलं, ताई."

त्याच दुपारी मी किल्ली शाळेच्या ऑफिसात दिली आणि पायी घरी आले. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. रस्ता ओलांडतानाही दहादा बघते. आणि रोज दुपारी कारकुनाला फोन करते.

"उठली का?"

"नाही, ताई. अजून बसल्यात."