शेवटच्या पानावरची सही

पहिला खर्डा झाला म्हणतोस, वरद? भाकरीबरोबरचा न्हवं, सिनेमाचा? चांगलं झालं की. मग शेवटच्या पानावर सही कुणाची केलीस? दोघांनी मिळून लिवलाय न्हवं तुम्ही?... वही मागं का घेतलीस?

बसा सगळी. लाईट काय आता तासभर येत न्हाय. माझा दोस्त सयाजी, त्याच्या डोळ्यादेखत झाल्यालं सांगतो. शेवटाला तर मी सोत्ता हजर हुतो.

सयाजी सिनेमाच्या खर्ड्यांची कॉपी करायचा. लेखकांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यावानी, ते हा मोत्यासारखं करून द्यायचा. पान मधोमध दुमडायचं. डाव्या बाजूला दिसतंय ते, उजव्या बाजूला माणसं बोलत्यात ते. आन आमच्या सिनेमावाल्यांच्यात एक रीत हुती. खर्डा संपला की ‘समाप्त’च्या खाली ज्यानं लिवलं त्यानंच सही करायची, मगच वही अंबाबाईच्या पायाला लावायची. कॉपी करणाऱ्यानं त्या जागेला हात लावायचा न्हाय.

१९९९ साल. ऑक्टोबरची नऊ तारीख, शनिवार. सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापनेला यज्ञेश्वररावांच्या पिक्चरचा मुहूर्त हुता. दिग्दर्शक माणूस, शिकल्याला, बोलायला गोड. त्यांनी सयाजीला निरोप दिला, “कागद घेऊन जोतिबावर ये. शेवटचा प्रसंग राहिलाय. मी सांगतो, तू लिही. रात्रीत खर्डा संपवू.” सयाजीनं कोल्हापुरात महाद्वार रोडला कागद घेतला आन संध्याकाळच्या एस्टीनं डोंगरावर गेला.

यज्ञेश्वररावांनी लिवायला घेतल्याली तिथली खोली त्याच्या ओळखीची हुती. म्हणूनच पाय उचलंनात.

पावसाळाभर त्या खोलीत बुद्धभूषण बसून लिवायचा. नेसरीचं पोरगं, पंचवीस-सव्वीसचं. पिक्चरची गोष्ट त्याची, एकूण एक प्रसंग त्याचा. यज्ञेश्वररावांना एक खोड हुती. लेखकानं उठून भटकू नये म्हणून भायेरनं कडी घालायची. हसत घालायची. “प्रसंग द्या, बाहेर या!” पोरगं पण हसायचं. श्रावणात त्याला ताप भरला. शेवटचा प्रसंग तेवढा ऱ्हायलाता. यज्ञेश्वरराव कडी घालून “दुपारी येतो” म्हणून कोल्हापूरला गेले, आन कामाच्या नादात इसरले. दोन दिवस! वर डोंगरावर धो धो पाऊस, शेजारच्या खोल्या मोकळ्या. कुणाला ऐकू जाणार? कडी काढली तवा दार आतनं नखांनी खरडल्यालं हुतं. जीपमधनं खाली आणला. केर्लीच्या फाट्यापतूर जीव हुता, पुढं न्हाय.

त्याची आई सोनूबाई आली नेसरीस्नं. रडली न्हाय. एवढंच म्हणली, “सायेब, पोरगं तर गेलं. त्याचं नाव तेवढं ऱ्हाऊ द्या पिक्चरवर.”

“आजी, तो नुसता उतरवून घ्यायचा,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “लेखन माझं आहे.”

सयाजी तिथंच उभा हुता. सगळं ठावं असून तोंड उघडलं न्हाय त्यानं. मला आजपण त्याचा राग येतो.

तर त्या शनिवारी रात्री साडेनऊला दोघं लिवायला बसले. यज्ञेश्वरराव फेऱ्या मारत सांगायचे, परत खोडायला लावायचे. महिनाभर असंच चाललंतं, शेवट काय जमत न्हवता. दुसऱ्याची गोष्ट, जमणार कशी? पावणेबाराला लाईट गेली. सयाजीनं कंदील लावला, वर धरला. बघतोय तर यज्ञेश्वरराव भिंतीकडं तोंड करून उभे. आन सांगायला लागले. न अडखळता.

“लिव. डावीकडं. खोली. रात. दार भायेरनं बंद.”

सयाजीचा हात थांबला. यज्ञेश्वरराव जल्मात कवा ‘लिव’ म्हणले न्हवते. ‘लिही’ म्हणायचे. आवाज त्यांचाच... पण बोलणं नेसरीकडचं.

“साहेब, बरं वाटत न्हाय का?”

“लिव म्हणतो न्हवं. खाटंवर पोरगं. अंगात ताप. तांब्यात पाणी न्हाय.”

सयाजी लिवायला लागला. थांबावं वाटत हुतं. हात थांबत न्हवता.

“पोरगं उठतंय. दार वाजवतंय. एकदा...”

आन दार वाजलं.

आतनं.

खोलीत दोघंच. दोघं बी दारापास्नं लांब.

“...दोनदा.”

परत वाजलं. जरा हळू.

“आता उजवीकडं लिव. ‘साहेब, दार उघडा.’... ‘साहेब...’... ‘पाणी...’”

मग काहीच न्हाय. नुसता लाकडावर नखांचा आवाज. खर्र... खर्र...

सयाजी उठला. दाराकडं झेपावला. हात लावणार...

भायेरनं कडी पडली.

वढलं. हललं न्हाय. हाका मारल्या. कोण न्हाय.

मागनं आवाज आला. अगदी शांत. “समाप्त.”

यज्ञेश्वरराव मटकन खाली बसले. घामानं चिंब. सयाजीकडं बघून म्हणाले, “काय रे? दारात काय करतोस? संपला का खर्डा?” आता बोलणं त्यांचं सोत्ताचं. सांगितल्यालं एक अक्षर त्यांना आठवत न्हवतं. वही वढली, शेवटचं पान काढलं, ऐटीत सही केली.

बघितलं.

‘बुद्धभूषण, मु. पो. नेसरी.’

खोडली. परत केली.

तीच.

परत.

तीच.

पान भरलं. दुसरं घेतलं. डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं. तरी हात चाललाय... कागद संपला. मग भिंत. मग फरशी... सयाजी कोपऱ्यात बसून बघत हुता. पहाटं गुरवानं कडी काढली, तवा यज्ञेश्वरराव गुडघ्यावर बसून खाटंखाली लिवत हुते. पेनातली शाई कवाच संपलीती.

मुहूर्त बारगळला. पण एवढ्यावर सुटले न्हाईत. बाकी सगळं लिवता यायचं, सही तेवढी करायला गेलं की तेच नाव. त्यांची पोरगी अवंतिका सातवीला हुती. तिच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही म्हणून ‘बुद्धभूषण’. शाळंतल्या बाई विचारायच्या, “हे तुझे कोण?” पोरगी रडत घरी यायची. शेवटी एवढा शिकल्याला माणूस जिथं तिथं अंगठा उठवायला लागला. अंगठ्यानं त्यांना साथ दिली. लोक कीव करायचे. मला सांगायचं तर कीव आली न्हाय.

आन तरी माणसाची खोड बघा! २००३ च्या मार्चमधी मुंबईच्या कुणा निर्मात्यानं खर्डा वाचला. तोच, त्या रात्री संपवल्याला, सह्यांची पानं काढून टाकल्याला. वाचून येडा झाला म्हणं. अट एकच, नोटरीसमोर लिवून द्या की हे तुमचंच लिखाण. यज्ञेश्वरराव माझ्याकडं आले. “अंगठा चालतो तिथं. तू फक्त साक्षीदार म्हणून ये.” सयाजीला आधी इचारलंतं, तर त्यानं दार तोंडावर लावलं. आन मी गेलो. लाज वाटती सांगायला, पण गेलो.

दिवेलागणीची वेळ. माडीवर नोटरीचं छोटं ऑफिस. कागद वाचून दाखवला, ‘सदर पटकथा सर्वस्वी माझी आहे’. यज्ञेश्वररावांनी मान डोलावली. शाईच्या पॅडवर अंगठा दाबला. कागदावर टेकवला.

उचलला.

नोटरी कागदाकडं बघत ऱ्हायला. चष्मा काढून पुसला. परत बघितलं. मग मान वर करून आम्हाला म्हणला,

“पावणं, तुमच्यातलं बुद्धभूषण कोण?”

...

यज्ञेश्वररावांनी अंगठा मुठीत धरला आन चप्पल न घालताच जिना उतरले. त्यानंतर कोल्हापुरात कुणाला दिसले न्हाईत.

कागद मी उचलला. दुसऱ्याच दिवशी नेसरीला नेऊन सोनूबाईच्या हातात ठेवला. तिला वाचता येत न्हाय. अंगठ्याच्या ठशात नाव कुठं हाय ते बोट धरून दावलं. सहा वर्सं झाली त्याला. रोज सकाळी ती कागद काढती, त्या नावावरनं बोट फिरवती.

आन रोज तिच्या बोटाला ओली शाई लागती.