मानभावी

वज्रमाळ गडाच्या पूर्वकड्यावर पहाट उजाडली ती रक्त न उरलेल्या ओठांसारखी, खाली दरीत शाही फौजेच्या राहुट्या धुक्यातून एकेक करून वर येत होत्या, आणि बुरुजावर उभ्या असलेल्या किल्लेदार हैबतराव ढमाल्यांच्या कानांत नुकत्याच गड उतरून गेलेल्या शाही वकिलाचे शेवटचे वाक्य घुमत होते: "तुमच्यातला एक जण कधीच आमचा झाला आहे, रावसाहेब. भैरवापुढे सर्वांना बेलभंडार उचलायला लावा. ज्याचा हात मागे येईल, तो आमचा."

हे ऐकणारे पुष्कळ होते. सूर्य कासराभर वर येण्यापूर्वीच अवघी शिबंदी भैरवाच्या देवळापुढे जमली. एकेक गडी पुढे होई, ताम्हनातला बेल आणि हळद उचली, इमानाची शपथ घेई. मग केसोबा नाईक पुढे आला. पश्चिमकड्यावरची चोरदिंडी, म्हणजे गडाची आडवाट, त्याच्या ताब्यात होती. त्याचा हात ताम्हनाकडे गेलाच नाही.

"मी महानुभाव पंथाचा. परमेश्वराखेरीज अन्य दैवताची आण मला घेता येत नाही. माझा शब्द घ्यावा, रावसाहेब."

कोठीचे कारखानीस विसाजीपंत नुसते हसले. "शब्द? लोक उगीच नाही 'मानभावी' म्हणत. वर गोड, आत काळे. मुंगी चिरडायला भिणारा माणूस तलवार कशाला बांधतो, ते आज कळले."

"मुंग्यांनी गडाला वेढा घातलेला नाही, पंत," केसोबा शांतपणे म्हणाला.

कुणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. मग गर्दीतून शब्द उठू लागले. पाखंडी. धर्मबुडवा. बाटगा. काल ज्यांनी त्याच्या शेजारी बसून भाकरी मोडली होती ते आज पाऊलभर मागे सरकले, आणि हैबतरावांना वाटले, हे शब्द आज जन्मले नाहीत. वर्षानुवर्षे ते जिभेखाली दबा धरून बसले होते, वकिलाने केवळ दार उघडून दिले.

"दिंडी काढून घ्यावी त्याच्याकडून," पंत म्हणाले. ते लबाड नव्हते. म्हणूनच त्यांची खात्री भयंकर होती.

गडावर बायका होत्या, लेकरे होती. चूक झाली तर सारेच जाणार होते. हैबतराव पंतांकडे वळले.

"पंत, शत्रू आपला फितूर आपल्याच हाती कशाला देईल? त्याला नाईक नको आहे. त्याला नाईक नसलेली दिंडी हवी आहे."

"आणि आपण चुकलात तर?"

"तर पहिला घाव माझ्यावर पडेल. मी दिंडीत, केसोबाच्या पाठीशी उभा राहतो."

दुपारी, उन्हाने कडा पांढरा पडला असताना, दोराच्या शिड्या दिंडीखालच्या कपारीला अडकल्या. नाईक बदलला असेल, नवखे पहारेकरी गोंधळतील, या भरवशावर आलेल्या शाही हशमांना वरून धोंडे मिळाले. तरी ते चढतच राहिले, कारण मागून दुसरे रेटत होते. शिड्यांचे दोर कापायचे तर दिंडीबाहेर जाणे भाग होते.

"रावसाहेब, मी बाहेर पडलो की आतून अडसर घाला," केसोबा म्हणाला. "मी हाक मारली तरी काढू नका. माणूस आहे, हाक मारीन कदाचित."

हैबतरावांनी स्वतःच्या हातांनी अडसर सरकवला. पलीकडे पोलादाचा खणखणाट, दोर तुटल्याचा सपकारा, दरीत कोसळणाऱ्यांच्या किंकाळ्या. हाक आली नाही. नंतर काहीच आले नाही.

सांजेला केसोबाचे प्रेत आत आणले तेव्हा माणसे चिता रचू लागली. हैबतरावांनी त्यांना थांबवले: या पंथात देह पुरतात, मिठात ठेवून. पण वेढा अजून उठला नव्हता आणि कोठीत मीठ बेताचेच होते. नजरा पंतांकडे वळल्या. पंतांनी मान वर केली नाही. ते कोठीकडे गेले, कुलूप काढले आणि पहिले पोते स्वतःच्या खांद्यावर घेऊन दिंडीशेजारी खणलेल्या खड्ड्यापाशी आले. शेवटचे पोतेही त्यांनीच आणले.

दुसऱ्या दिवशी पंगतीत एका शिपायाने घास तोंडातच थांबवला. "अळणी आहे."

पंत दारात उभे होते. "गडावरचे मीठ दिंडीपाशी आहे," ते म्हणाले. "ज्याला हवे असेल त्याने जाऊन मागावे."

कुणी उठले नाही. शिपायाने मान खाली घातली आणि तो जेवू लागला.