मागचं पुसून, मागणं असं की…

"मागचं पुसून… मागणं असं की—"

आकडे सांगण्याआधी तो असं म्हणायचा. त्यात त्याचं खास काही नव्हतं. सोरोबानच्या, म्हणजे जपानी मणीपाटीच्या, कुठल्याही वर्गात आकडे वाचून दाखवणारा असंच म्हणतो. मग पंचवीस जणांची बोटं एकदम चौकटीवरून फिरतात, मणी सर्रकन मागे जातात आणि पाटी कोरी होते. पण तोगाशी कोसुके 'मागणं असं की' म्हणून जरासा थांबायचा. श्वासभरच. आणि त्या श्वासात सतराव्या वर्षीच्या मला दर वेळी वाटायचं, आता हा आकडा नाही सांगणार… आता हा दुसरंच काही मागणार.

तो आकडाच सांगायचा. माझं उत्तर चुकायचं.

दहा वर्षांनी तोच आवाज मला एका बंद दारामागून ऐकू आला.

सप्टेंबरचा पहिला सोमवार होता. साकाताच्या बंदरावरून वारा सुटला होता, टेकडीवरच्या आमच्या कॉमर्स हायस्कुलाच्या खिडक्या खडखडत होत्या आणि माझ्या केसांचं पार घरटं झालं होतं. एका हाताने ते सावरत दुसऱ्या हाताने मी 'नोकरी मार्गदर्शन' लिहिलेल्या दारावर टकटक केली. दोनदा.

"दोनदा टकटक संडासाच्या दारावर करतात," आतून आवाज आला. "मुलाखतीच्या दारावर तीनदा. चला, पुन्हा."

माझा हात हवेतच राहिला. वारा थांबला की काय कोण जाणे, मला तरी ऐकू येईनासा झाला. मी गुमान तीनदा टकटक केली.

"हं, आता कसं! नाव आणि वर्ग?"

"इशिगाकी चिनात्सु," मी दार सरकवलं. "तिसरं वर्ष, अ वर्ग. पण दहा वर्षांपूर्वीचा."

तो इतक्या घाईने उठला की मागची खुर्ची आडवी झाली. आधी त्याचे कान लाल झाले, मग मान. चेहऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी आली.

"तू— तुम्ही— विमा कंपनीकडून मुलांचे पैशांच्या व्यवहाराचे तास घ्यायला येणार होतं ते…"

"मीच."

"पत्रात नुसतं 'आमच्या प्रतिनिधी' असं होतं."

"आणि तुमच्या पत्रात नुसतं 'संबंधित शिक्षक' असं होतं, तोगाशी सेन्सेई."

'सेन्सेई' मी जरा लांबवूनच म्हटलं. तो खुर्ची उचलायला वाकला, आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकून राहिला.

आमच्याकडे हायस्कुलातून थेट नोकरीला लागायचं, तर एका वेळी एकाच कंपनीला अर्ज करता येतो. शाळा शिफारस करते, पाच सप्टेंबरला सगळी पाकिटं एकदम निघतात. निवड झाली की मागे फिरायचं नाही. फिरलात, तर पुढच्या वर्षी त्या कंपनीचं बोलावणं शाळेला येईलच असं नाही. म्हणून जुलैत भिंतीवर कंपन्यांच्या याद्या लागल्या की नाव लिहिताना भल्याभल्यांचा हात थरथरतो.

माझा थरथरला नव्हता. सेंदाईच्या एका विमा कंपनीखाली तोगाशीने नाव लिहिलं, आणि त्याची शाई वाळायच्या आत मी खाली माझं लिहिलं. जागा एकच आहे, हे मला शिक्षकांनी बोलावून सांगितलं तेव्हा कळलं. शाळाच दोघांतलं एक नाव निवडणार होती. आणि तोगाशी तर सगळ्याच विषयांत माझ्या पुढे! पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो त्याच्या नावावर आडवी रेघ. तो कॉलेजला जाणार होता म्हणे. मला एक शब्दही न बोलता.

मग मी सेंदाईला गेले. एकटी. त्या यादीवर मी नाव का लिहिलं, ते मी कुणालाच सांगितलं नाही. मुलाखतीत तर नाहीच नाही.

आणि आता कंपनीला पुन्हा माझ्याकडून एक खूण हवी होती, याच शुक्रवारपर्यंत. फॉर्मवर दोन चौकोन होते. एक तोक्योच्या मुख्य कचेरीचा, तिथे निदान पाच वर्षं. दुसरा साकाताच्या शाखेचा. तिथे माणसं तीन, पंखा एक, आणि ती शाखा आजवर कुणी आपणहून मागितलेली नाही. चार दिवस तो फॉर्म माझ्या पिशवीत होता. सारखी पिशवी उघडायची, तो आहे का बघायचं, पुन्हा बंद करायची… हा माझा उद्योग चालला होता.

पहिला तास त्याच दिवशी होता. मी फळ्यावर पगाराची चिठ्ठी काढली.

"कागदावर एक लाख सत्तर हजार येन. हातात साधारण एक लाख चाळीस."

"मधले कुणी खाल्ले?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पेन्शन, विमा, कर. आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून नगरपालिकेचा करही कापतात. तेव्हा पगार वाढूनही हातात कमी पडतात. त्या दिवशी रडत आईला फोन करू नका."

"तुम्ही केला होता?"

"केला होता. ती म्हणाली, जेवलीस का?"

वर्ग हसला, आणि माझी मान जरा मोकळी झाली. मग खर्चाचे रकाने पाडले. घरभाडं, जेवण, प्रवास, बचत, इतर. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा हात वर आला. छातीवर नाव होतं, शिबुया हिनाको.

"इशिगाकी-सान, प्रेम कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"काय?"

"म्हणजे त्याला भेटायला जायचं भाडं, वाढदिवसाचा केक, सिनेमा…"

"ते सगळं 'इतर'मध्ये."

"प्रेम 'इतर'मध्ये?" तिने असा काही चेहरा केला की मीच खजील झाले.

"शिबुया," मागच्या भिंतीला टेकलेला तोगाशी म्हणाला, "आधी घरभाड्याचं बघ."

"सेन्सेई, तुमच्या 'इतर'मध्ये काय आहे?"

"मांजर."

"फक्त मांजर?"

"जाड आहे. तिलाच पुरत नाही."

सगळे खिदळले. मीही हसले. आणि हसता हसता मनात कुठेतरी नोंद झाली… फक्त मांजर.

शेवटी मी म्हटलं, "आता अठरा झालात की तुमची सही तुमचीच. आईबाबांना विचारल्याशिवाय कार्ड निघतं, हप्ते बांधता येतात. म्हणून सही करण्याआधी—"

"'नाव लिहिण्याआधी जागा किती आहेत ते नीट वाचा!'" अर्धा वर्ग एका सुरात ओरडला.

मी खडूसकट थिजले.

"त्या इशिगाकी तुम्हीच ना?" हिनाको टुणकन उठली. "फाइलमधल्या?"

नोकरीची परीक्षा देऊन आलं की प्रत्येकाने पुढच्या मुलांसाठी एक पान लिहून ठेवायचं, ही आमच्या शाळेची रीत. मुलाखतीत काय विचारलं, किती वेळ लागला, आणि शेवटच्या चौकोनात एक सल्ला. माझा सल्ला दहा वर्षं त्या फाइलमध्ये होता, आणि मुलांनी त्याचं गाणंच करून टाकलं होतं. मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. तोगाशी हसत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता, जणू वाऱ्याची हजेरी घ्यायची होती.

बुधवारी दुसऱ्या तासानंतर त्याने माझ्यासमोर सातूच्या थंड चहाचा पेला ठेवला. मार्गदर्शनाच्या खोलीत आम्ही दोघंच. टेबलावर पाकिटांची चळत, आणि ती उडू नये म्हणून वर ठेवलेला एक जुना सोरोबान.

"हा आपल्या वर्गातला का रे?"

"हो. फेकून देणार होते."

"तू अजून आकडे वाचतोस?"

"क्लबात वाचतो. मुलं म्हणतात, सेन्सेई, मध्येच थांबू नका, बोटं अडखळतात."

"बरोबरच म्हणतात," मी म्हटलं. "माझी तर परीक्षाच बुडाली होती त्या थांबण्यात."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पटकन नजर चहात बुडवली. "थांबायचो ते… पहिल्या रांगेत सगळे तयार आहेत का, बघायला."

"पहिल्या रांगेत मी बसायचे."

"माहीत आहे."

खिडकी खडखडली. मी पेनाचं बटण दाबत बसले होते. टिक, टिक, टिक. त्याने हात पुढे करून पेन माझ्या बोटांतून अलगद काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. बोटाला बोट लागलं असेल नसेल. "इशिगाकी, ते फाइलमधलं वाक्य… तुझा राग अजून… म्हणजे मला तेव्हाच म्हणायचं होतं की—"

टक, टक, टक.

"आदर्श टकटक," मी पुटपुटले.

"मीच शिकवली," तो कळवळून म्हणाला.

हिनाको आत आली. हातात अर्जाचा सहावा कागद. शेवटच्या ओळीत पेन घसरलेलं, आणि खाडाखोड चालत नाही, म्हणून डोळे भरलेले. तोगाशीने सातवा कागद काढला. जे म्हणायचं होतं ते पुन्हा राहिलं.

त्या रात्री आईने दोनदा विचारलं, "भूक नाही का?" मी दोन्ही वेळा फॉर्म बघत 'आहे' म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी एका चौकोनात खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला. मग सबंध दिवस पायच जमिनीवर ठरेनात.

दुपारी मुलाखतीची तालीम होती. कामाबोको, म्हणजे माशाच्या वड्या, करणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या कचेरीत हिनाकोला जायचं होतं. टकटक झाली, वाकणं झालं, बसणंही छान झालं. मग तोगाशीने विचारलं, "आमच्याच कंपनीत का यावंसं वाटलं?" आणि पोरगी नमुन्याच्या उत्तरांच्या पुस्तकाची पानं उलटू लागली.

"खरं सांगू? हिवाळ्यात शाळेतून घरी जाताना तिथून भाजल्याचा वास येतो. बोटं गोठलेली असतात, सायकल ढकलत असते, आणि तो वास आला की वाटतं, आलंच घर. पण हे असं सांगतात का कुठे!"

"हेच सांग," तोगाशी म्हणाला.

"नमुन्याच्या पुस्तकात असलं काही नाहीये. इशिगाकी-सान, तुम्ही करून दाखवा ना. तुमची तर निवड झाली होती!"

मी खुर्चीवर बसले. गुडघे जुळवले. समोर तोगाशी.

"आमच्याच कंपनीत का यावंसं वाटलं?" त्याने विचारलं. आवाज वर्गातला नव्हता.

"लोकांच्या अडचणीच्या वेळी… त्यांच्या पाठीशी उभं राहणारं काम…"

"पान बारा," हिनाको म्हणाली. "अगदी शब्दन् शब्द! म्हणजे तुम्हीसुद्धा थापच मारली?"

हिनाकोने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि अचानक तिला बस आठवली. दार ओढताना ती हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी 'इतर'चा रकाना मोठा आखा हं, इशिगाकी-सान."

शिपाई पाकिटं घेऊन गेला. टेबलावर एकटा सोरोबान उरला. बाहेर ऊन कलतं झालं होतं आणि पटांगणावरची धूळ गोल गोल फिरत होती.

"दर वर्षी मी तुझं पान वाचतो," तोगाशी म्हणाला. "मला वाटतं, ते तू माझ्यासाठीच लिहिलंस. एक जागा, आणि मी आधीच नाव लिहून बसलेला. तरीही तू खाली लिहिलंस, म्हणजे तुला ती नोकरी किती हवी असेल! मी आडवा आलो होतो. म्हणून नाव खोडलं. आणि तुझ्यासमोर उभं राहून सांगायची छाती झाली नाही. माफ कर."

दहा वर्षं! दहा वर्षं हा माणूस एका चुकीच्या उत्तरावर बसला होता.

"मला ती नोकरी हवी होती, हे तुला कुणी सांगितलं?"

"रोज सकाळी सातला येऊन तू त्या यादीपुढे उभी असायचीस."

"आणि सकाळी सातला सोरोबानची खोली उघडायला कोण यायचं?"

"मी."

"यादी कुठल्या भिंतीवर होती?"

"त्या खोलीच्या… बाहेर." तो थांबला. श्वासभर, आणि मग आणखी एक श्वास. कान लाल होऊ लागले.

मी सोरोबान उचलला, तिरका केला. सगळे मणी सर्रकन खाली आले. बोट फिरवून मी पाटी कोरी केली.

"मागचं पुसून," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "मागणं असं की—"

त्याने हात वर केला. उत्तर आलेल्या मुलासारखा, सरळ, कानाला लावून.

"हात खाली. आकडा अजून सांगितलेला नाही."

"बरं." हात खाली आला, पण अर्ध्यापर्यंतच.

"आज सकाळी मी साकाताची शाखा मागितली. ती तुझ्यासाठी नाही हं. मला हे तास घ्यायचेत, आणि तोक्योत मला कुणी खडू देणार नाही. ते झालं पगाराचं. आता 'इतर'."

खिडकीची खडखड थांबली होती. की पुन्हा मलाच ऐकू येत नव्हती?

"त्या यादीवर जागा किती, ते मी वाचलंच नव्हतं, तोगाशी. कंपनी कुठली, तेही नाही. मी फक्त तुझं नाव वाचलं, आणि त्याच्या शेजारची जागा मागितली. अजून तीच मागतेय."