दिवेलागणीची मुद्रा

"दिवा लावलास की मुद्रा खोबणीत घाल. फलक मिटून उघडला की काढून घे. आणि पुढेमागे सगळी दुरुस्ती झाली, तरी हे सोडू नकोस."

कालिंदीबाई पेठे हे बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज इतका खोल गेला होता, की उर्मिला खानविलकरला उशीजवळ कान न्यावा लागला. "नाही सोडणार, बाई," ती म्हणाली होती. त्या घडीला दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. पण शब्द देताना तिला मनातून वाटलं होतं, ही एका थकलेल्या, श्रद्धाळू बाईची शेवटची इच्छा आहे. यात शास्त्र काही नाही.

बाईंना जाऊन आता पंधरवडा होत आला होता. त्यांच्या घराला कुलूप होतं, आणि उर्मिला नेमक्या उलट कामासाठी कांचनघळ जलविद्युत केंद्राच्या नियंत्रण कक्षात आली होती. बाईंच्या घरी छोट्या फलकासह बसवलेली खोबण यंत्रणेतून कायमची काढून टाकायची, असा वरून आदेश होता.

कांचनघळची योजना सरळ होती. दिवसभर सौरविजेवर पाणी डोंगरमाथ्यावरच्या तळ्यात चढवायचं, आणि सूर्य मावळला की तेच पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जनित्रांवर सोडायचं. खालच्या गावांतले दिवे त्या पाण्यावर लागत. पाळीवरच्या माणसाने संमती दिली की विसर्ग ठरल्या वेळी आपोआप सुरू होई. अट एकच, बोगद्यात माणूस नसावा.

माणूस आहे की नाही हे ओळखमुद्रा सांगत असे. धातूची छोटी चकती, प्रत्येकाची वेगळी. बोगद्यात शिरताना ती तोंडाशी असलेल्या आपल्या खोबणीत घालायची, बाहेर आलं की काढून घ्यायची. देवळाबाहेरच्या चपलांवरून आत कोण आहे ते कळावं, तसं. तिथे एक जरी मुद्रा खोबणीत असली तरी पाण्याचे दरवाजे उघडत नसत. नियंत्रण कक्षाच्या मेजावरही पाळीवरच्या माणसांसाठी काही खोबणी होत्या. या सगळ्या खोबणींवर लक्ष ठेवणाऱ्या आज्ञावलीचं नाव होतं 'प्रहरी', आणि तो कालिंदीबाईंनी तरुणपणी लिहिला होता.

"बोगदा रिकामा आहे," फारूक मुकादमने भिंतीवरच्या स्थितिफलकाकडे बोट केलं. दुपारपासून पाळीवर तोच होता. "पावसाळ्यानंतरची सफाई आजच सुरू झाली. माणसं लवकर आटोपून गेलेली दिसतात. विसर्गाला संमती दिली आहे, पण अजून थोडा वेळ आहे. तुम्ही बाईंची खोबण मिटवून घ्या, मग चहा पिऊ."

उर्मिलाने पर्समधून बाईंची मुद्रा काढून मेजावर ठेवली. तिच्या कडेला कुंकवाचा पुसट ठिपका होता.

"ही होय ती," फारूक हसला. "हिची खूण रोज दिवेलागणीला फलकावर चमकायची, आणि सगळा फलक पापणी लवावी तसा एकदा मिटून उघडायचा. आमची माणसं म्हणायची, चला, बाईंनी दिवा लावला, आता पाणी सोडायला हरकत नाही."

उर्मिलाचे हात कळफलकावर थांबले. "सगळा फलक?"

"सगळा."

"एका खोबणीसाठी?"

"मॅडम, प्रहरी तुमच्या गुरूंचा. मला काय विचारता?"

ती फलकाकडे पाहत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "फलक मिटून उघडतो, म्हणजे प्रहरी साऱ्या खोबणींची फेरी मारून येतो. कोणत्याही एका खोबणीत काही हललं, की तो उठतो आणि सगळ्या नव्याने पाहतो."

"आणि एरवी?"

"एरवी तो पाहतच नाही. दर क्षणाला 'मुद्रा आहे का, मुद्रा आहे का' असं विचारत बसलं तर यंत्राला दुसरं काम उरणार नाही. म्हणून तो कान देऊन निजतो. चाहूल लागली की उठतो, फेरी मारतो, फलक बदलतो आणि पुन्हा कान देऊन निजतो."

"मग झालं की. हललं की उठतो."

"फारूकभाई, फेरी संपली आहे आणि कान अजून द्यायचा आहे, एवढ्यात काही हललं तर?"

फारूकने चहाचा पेला खाली ठेवला. "एवढ्यात म्हणजे कितीशा वेळात?"

"पापणी लवते त्याहून कितीतरी कमी."

"मग सोडा हो."

"चाहूल येऊन जाते आणि ऐकायला कोणी नसतं. पुढे फलक जुनंच चित्र दाखवत राहतो, दुसरी चाहूल लागेपर्यंत. क्रम उलटा हवा होता. आधी कान द्यायचा, मग फेरी मारायची. म्हणजे फेरी चालू असताना काही हललं तरी ते ऐकू येतं. बाईंना हे उशिरा उमगलं. तोवर आज्ञावलीवर शिक्कामोर्तब झालं होतं. सुरक्षा समितीपुढे गेल्या तेव्हा मी शेजारी बसले होते. समितीने चाचणी घेतली. एक माणूस मुद्रा घाली, काढी, परत घाली. प्रहरी एकदाही चुकला नाही. म्हणाले, फट सिद्ध करा, मग चालत्या यंत्रणेला हात लावू." उर्मिलाने सुस्कारा सोडला. "सिद्ध व्हायला दोन खोबणी एकाच क्षणी हलायला हव्यात. एकीने प्रहरीला उठवायचं, दुसरीने फटीत सापडायचं. असं मुद्दाम कोण करणार?"

फारूकच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"आमची माणसं करतात, मॅडम."

"काय करतात?"

"बोगद्याच्या तोंडाशी खोबणी ओक्याबोक्या ठेवत नाहीत. बदली माणूस आला, की जाणारा आणि येणारा समोरासमोर उभे राहतात. तोंडाने 'एक, दोन' म्हणतात, आणि एक जण काढतो तेव्हाच दुसरा घालतो. डोंगराला एकटं सोडू नये, म्हणून. कोणी नियम केला नाही, पण आमच्याकडे तसंच चालतं."

"आज कोण बाहेर आलं?"

"महादू. त्याची खूण विझली, फलक रिकामा झाला. मी समजलो, काम आटोपलं."

"आणि त्याच्या जागी आत कोण गेलं?"

"फलक म्हणतो कोणी नाही," फारूक म्हणाला, आणि आपलंच वाक्य ऐकून उठून उभा राहिला.

खालच्या मजल्यावरून बारीक घरघर ऐकू येऊ लागली. जनित्रं विसर्गासाठी तयार होत होती. बोगद्यात फोन लागत नसे, आणि माणूस धाडला तरी तो दरवाजे उघडायच्या आत पोचला नसता.

"तुमची मुद्रा काढून परत घाला," उर्मिला म्हणाली.

"संमती दिली की माझी पाणी सुटेपर्यंत खोबणीत अडकून राहते. संमती मागे घ्यायची तर वरून सांकेतिक अंक यावा लागतो, तोवर पाणी सुटलेलं असेल. तुमची कुठे आहे?"

"फाटकावर जमा केली. पाहुण्यांकडून घेता ना तुम्ही."

दोघांची नजर एकाच वेळी मेजावर गेली.

"गेलेल्या माणसाची चालेल?" फारूकने हळूच विचारलं.

"चालेल. प्रहरी नाव विचारत नाही. त्याला फक्त चाहूल हवी."

तिने कुंकू पुसलं नाही. मुद्रा उचलली, क्षणभर कपाळाला लावली आणि मेजाच्या टोकाच्या मोकळ्या खोबणीत घातली.

फलक मिटला आणि उघडला. बोगद्याच्या जागी लाल खूण पेटली होती. खाली नाव उमटलं होतं: वारघडे, नलिनी. मागोमाग डोंगराच्या पोटात कुठेतरी जड अडसर बसल्याचा आवाज आला, आणि जनित्रांची घरघर उतरत उतरत थांबली.

फारूक धावत बाहेर गेला, आणि त्याच्या मागोमाग उर्मिलाही बोगद्याच्या तोंडाशी पोचली.

नलिनी वारघडे बाहेर आली तेव्हा तिच्या शिरस्त्राणावरचा दिवा तेवढा चालू होता. गाळाने भरलेले बूट आपटत ती म्हणाली, "काय मुकादमदादा, स्वतः न्यायला आलात? पगारवाढ आहे की सासरचं बोलावणं?" कोणी हसलं नाही म्हणून तिने दोघांकडे नीट पाहिलं. मग फारूकने सगळं सांगितलं. ती खोबणीपाशी गेली, आपली मुद्रा काढली, मुठीत धरली आणि खालीच बसली. उर्मिला तिच्या शेजारी दगडावर बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिली. पाणी सुटलं तेव्हा डोंगर नेहमीसारखा थरथरला, आणि दरीतली गावं एकामागून एक उजळत गेली. जरा उशिरा, पण एकूण एक.

त्या आठवड्यात समिती कांचनघळला आली. नलिनी आणि महादू बोगद्याच्या तोंडाशी समोरासमोर उभे राहिले. "एक, दोन," महादू म्हणाला. त्याची मुद्रा बाहेर, तिची आत. फलक रिकामा. पुन्हा केलं तेव्हा तो चुकला नाही. मग आणखी काही वेळा करताना परत चुकला. काही वर्षांमागे बाईंना परत पाठवणारे अध्यक्ष अजून तेच होते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पेठेबाईंना आम्ही सिद्ध करा म्हणालो होतो. त्यांनी केलं. हे कागदावर त्यांच्याच नावाने जाऊ द्या."

दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. आधी कान, मग फेरी. उर्मिलाने ती तिथेच बसून केली. मग महादू आणि नलिनी हात दुखेपर्यंत 'एक, दोन' करत राहिले, आणि प्रहरी काही केल्या फसला नाही. शेवटी महादूच कंटाळला. "हा आता माझ्या सासूसारखा झाला," तो म्हणाला. "पेला सरकवला तरी ऐकतो." समितीतल्या माणसांनाही हसू आवरलं नाही.

सगळे पांगल्यावर कक्षात फारूक आणि उर्मिला उरली. ऊन कलायला लागलं होतं. फलक स्वच्छ, रिकामा होता.

"बाई जिंकल्या," फारूक समाधानाने म्हणाला. "इतकी वर्षं दिवेलागणीला त्या प्रहरीला हलवून उठवत होत्या, आणि आम्ही म्हणत होतो देवधर्म चाललाय. आता त्यांचा नेम सुटला. तेवढी खोबण मिटवून टाका, राहिलंय ते."

उर्मिला कळफलकाशी बसली. आदेश टंकलाही. पण शेवटची कळ दाबण्याआधी तिने फलकाकडे पाहिलं.

"फारूकभाई, हा फलक आत्ता गप्प का आहे?"

"बोगदा रिकामा आहे म्हणून."

"की प्रहरी बंद पडलाय म्हणून?"

"आत्ताच तर दुरुस्त केलात."

"दुरुस्त आहे. पण कान देऊन बसलेला गप्प असतो, आणि मेलेलाही गप्प असतो. रिकामा बोगदा आणि मेलेला प्रहरी फलकावर सारखेच दिसतात. जागा आहे की नाही हे कळायला वाट एकच. विसर्गाआधी हाक मारायची, आणि तो ओ देतो का पाहायचं."

फारूकने मान हलवली. "मग दुसऱ्या यंत्राला सांगा, मार हाक म्हणून."

"आणि ते यंत्र जागं आहे हे कोण पाहणार?"

उर्मिलाला उशीजवळचा तो खोल गेलेला आवाज पुन्हा ऐकू आला. दुरुस्ती झाली तरी सोडू नकोस. बाई फक्त फटीपुरतं बोलत नव्हत्या. फट कुठे आहे हे कळल्यावरही राहून जाणारी गोष्ट त्यांनी तेव्हाच पाहिली होती.

तिने टंकलेला आदेश पुसून टाकला. मेजाच्या खोबणीतून कुंकवाच्या ठिपक्याची मुद्रा काढली आणि पर्समध्ये, बाईंच्या घराच्या किल्लीशेजारी ठेवली.

"निघालात? चहा टाकलाय."

"उद्या घेते," ती म्हणाली. "तुम्ही तेवढी दिवेलागणीला फलकावर नजर ठेवा. मिटून उघडला तरच पाणी सोडा."

वसाहतीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर सावल्या लांब झाल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानात तिने वाती घेतल्या, तेलाची लहान बाटली घेतली, आणि कुलूप लागलेल्या घराकडे ती जरा भरभर चालू लागली.