दोघांचा आकडा

मोइराचं पत्र आलं तेव्हा झाडांना पानं होती. आता ऑस्ट्रेलियातल्या हिवाळ्यातला जुलैही सरत आला, तरी डेस्मंडनं उत्तर लिहिलं नव्हतं.

‘पोर्ट फेअरीचं घर घेतलं. खिडकीतून समुद्र दिसतो. खुर्च्या दोन आहेत. येतोस?’

सदुसष्ट वर्षांच्या या ग्रंथपालानं हजारो पुस्तकांना जागा शोधून दिली होती. स्वतःचीच जागा बदलायची म्हटली, की तो नुसती आकडेमोड करत बसे.

त्या दुपारी गिलाँगच्या वाचनालयाचं दार वाऱ्यानं उघडलं आणि रेनकोट झटकत मोइराच आत आली! गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत ती इथलाच बालविभाग सांभाळायची.

“चष्मा बदलायला आले होते, पावसानं गाठलं. तुला भेटायला नाही हं!”

“नाही... म्हणजे, बस ना.” डेस्मंडचे कान लाल झाले.

ती संगणकात डोकावली. “निवृत्तीचा हिशेब? कधीपासून?”

“एप्रिलपासून.”

“म्हणजे पत्र मिळालं होतं तर!”

“मिळालं. पण मोइरा... नोकरी सोडली तर वर्षाला पंचावन्न हजार डॉलर लागतील. माझा निवृत्तीचा फंड वयाच्या ऐंशीतच संपतो. तुझ्यावर भार होऊन मी नाही येणार.”

मोइरानं नवा चष्मा चढवला. “घरभाडं बावीस हजार? कुणाला देणार? मला?”

“ते... सवयीनं लिहिलं.”

“आणि इथे ‘एकटा’?”

“एकटाच तर आहे मी.”

“वा रे पंडित! माझ्याकडे यायचा हिशेब, आणि तोही एकटं राहण्याच्या रकान्यात? दोन माणसांना काय दोन हीटर लागतात?”

ती त्याच्या खांद्यावरून वाकली. पावसाचा, पेपरमिंटचा वास... डेस्मंड श्वास घ्यायचा विसरला. तिनं ‘जोडपं’ निवडलं, ‘स्वतःचं घर’ निवडलं, घरभाडं पुसलं, आपली शिल्लक भरली. सरकारी पेन्शनचा वाटा आपोआप धरला गेला. पडद्यावर वयाच्या ऐंशीशी अडलेली फंडाची रेघ सरकू लागली... नव्वद... पंच्याण्णव... आणखी पुढे.

“सत्त्याण्णव!” डेस्मंड ओरडला.

सगळ्या माना वळल्या. आयुष्यभर लोकांना गप्प बसवणारा माणूस चक्क ओरडला होता.

“मोइरा, मी—”

“तोंडी नको.” ती हसत उठली. “मी पत्र लिहिलं होतं. उत्तर टपालानंच हवं.”

“आणि तोवर?”

“तोवर दुसरी खुर्ची मांजराची!”

ती बसथांब्याकडे गेली. डेस्मंडनं कागद ओढला. इतके महिने न सुचलेलं उत्तर एका दमात उतरलं—

‘येतो. मांजराला उठव.’

कागद पाकिटात घालून, छत्री न घेताच तो रस्त्यावर धावला. समोरच्या थांब्यावरून मोइरा बघत होती. त्यानं पाकीट उंच धरून तिला दाखवलं, आणि लाल पेटीत टाकलं.