जीपच्या मागच्या बाकावर

अंगणात अंथरुणं पडली की दशरथमामा पोरांना सहदेवची गोष्ट सांगत. सहदेव त्यांचा शेजारी, मरोळच्या चाळीतला. "खोटं बोलणारा माणूस नव्हता रे तो," म्हणत आणि सुरू करत.

१९५५ सालची पौषातली अमावास्या, रविवार. सहदेव मुलुंडच्या एका कंत्राटदाराची जीप चालवायचा. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली जुनी गाडी. टप फाटलेला, बाजू उघड्या. थंडीत इंजिन गारठू नये म्हणून तो पुढच्या जाळीला गोणपाट बांधायचा आणि स्वतः सदऱ्याच्या आत वर्तमानपत्रं कोंबायचा.

त्या दिवशी मालकाकडून जीप मागून घेतली ती बायकोला, विमलाला, बाळंतपणानंतर मुलुंडच्या दवाखान्यातून घरी आणायला. मुलगी अपुऱ्या दिवसांची, एवढीशी. "हिला गारठा बाधला तर मग माझ्या हातात काही नाही," डॉक्टर म्हणाले होते. निघेपर्यंत दिवेलागण होऊन गेली.

सहदेवचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जोरात हाकावी तर वारा झोंबतो. हळू न्यावी तर वेळ लागतो. दर वळणाला तो विचारी, "गरम हा ना गो ती?"

पवई तलावाच्या कडेला गाडी फुरफुरली आणि बंद पडली.

चिटपाखरू नाही. तलावावरून धुकं रस्त्यावर येत होतं.

"तू माझ्या जागेवर बस. मी हँडल मारतो. इंजिन लागलं की हा पेडल दाब," सहदेव म्हणाला आणि उतरून पुढे गेला.

एकदा फिरवलं. दोनदा. हात बधिर झाले. मग कधीतरी इंजिन धडधडलं. तो धावत आला. विमला सरकून बाजूला झाली.

तिची मांडी रिकामी होती.

"पोर कुठाय?"

"मागे दिली ना... त्यांच्याकडे."

"कोणाकडे?"

"अहो, मुलुंडपासून बसलेत ते. म्हणाले, थंडी आहे बाई, द्या इकडे..."

सहदेवने मुलुंडला कोणालाच घेतलं नव्हतं.

त्याने टॉर्च मागे फिरवला. लोखंडी बाक. दुपट्यात मुलगी. एकटीच. झोपलेली.

हात लावला. चुलीशी निजवल्यासारखी ऊबदार.

तिला विमलाच्या कुशीत देऊन त्याने गाडी सोडली. मागे पाहिलं नाही. साकीनाका गेला तेव्हा विमला पुटपुटली,

"उतरले का... ते?"

सहदेवने वेग वाढवला.

घरी त्याच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, नातीला मांडीवर घेतलं. मुलगी टवटवीत. एक मूठ मात्र गच्च मिटलेली. आजीने ती हळूच सोडवली. आत लोकरीचा झुपका. करडा, जाड, फौजी कांबळ्याचा असतो तसा.

मुलीचा तळवा गरम होता. लोकर बर्फासारखी.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंनी ती लोकर उन्हात ठेवली. दुपारी सहदेवने बोट लावून पाहिलं...

तशीच गार.