खिडकीच्या फटीतली चिंधी

रोहित, ती चादर दाराखाली कोंबू नकोस. राहू दे फट. पूनमच्या लेकराला थंडी लागते हे मलाही दिसतं, पण आत शेगडी पेटलेली आहे ना? मग राहू दे. काहून म्हणून विचारू नका. बरं, विचाराच. सांगतो. फक्त नंतर अंगणातल्या नळावर जायला कोणी मला सोबतीला उठवायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

आपल्या शिकारपुऱ्यातलाच श्रीकांत. केळीच्या गाड्या भरून देणाऱ्या पेढीवर कामाला होता, आणि माझ्या समोरच्या घरात भाड्याने राहायचा. म्हणजे ही गोष्ट मी इकडून तिकडून ऐकलेली नाही. त्याने माझ्या ओट्यावर बसून, मान खाली घालून सांगितलेली आहे.

लग्नानंतर किती तरी वर्षांनी त्याला मुलगी झाली. तेजस्विनी. घरात तेजू म्हणायचे. पहिलं बाळंतपण माहेरी, रावेरला व्हायचं. पण तिथे त्याच्या बायकोची, मनीषाची, आई एकटीच, विधवा. तेव्हा आईच इकडे आली. भागीरथीबाई. हाडाने बारीक आणि कामाला वाघीण. सकाळ-संध्याकाळ शेगडी पेटवायची, ओव्याची धुरी द्यायची, बाळ-बाळंतिणीला शेकायची. आपले तळवे निखाऱ्यांवर धरायचे आणि तेजूच्या पोटाला, पाठीला लावायचे. पोरगी त्या हातांखाली अशी निजायची की बघत राहावं.

एकच होतं. ती बाई जावयाशी बोलायची नाही. जुनी रीत. जावई समोर आला की पदर पुढे, तोंड भिंतीकडे. काही सांगायचं तर लेकीच्या तोंडून. "मनीषा, जावईबापूंना विचार, अजून भाकर वाढू का?" आणि जावईबापू समोरच पाटावर बसलेले! श्रीकांतही तसाच. तो म्हणायचा, "तुझ्या आईला सांग, पोट भरलं." आम्ही त्याची थट्टा करायचो, की तुमच्या घरात टेलिफोन एक्स्चेंज आहे म्हणून. तेव्हा हसायला यायचं.

त्या वर्षी थंडीने कहर केला होता. बागांमधून केळीला ऊब म्हणून शेतकरी रात्रभर बांधावर धूर करायचे. श्रीकांतच्या आतल्या खोलीची खिडकी जुनी, लाकूड वाकलेलं. पल्ला लावला तरी अंगठा जाईल एवढी फट राहायची, आणि तिथून बोळातला वारा थेट आत. दत्तजयंतीच्या संध्याकाळी पेढीवरून सुटल्यावर तो घरी न जाता मित्राच्या, भूषणच्या, कापडाच्या लूमवर गेला.

"चिंध्या पाहिजेत थोड्या."

"गाडी पुसायला का?" भूषण यंत्रांच्या खडखडाटात ओरडला.

"नाही यार, खिडकीत कोंबायला. पोरीला थंडी लागू राहिली."

"अरे तो ले जा ना भाई, पूरी गोणी ले जा!"

श्रीकांतने पिशवीभर चिंध्या आणल्या. घरी मनीषाला ताप होता. पोरीला लागू नये म्हणून ती बाहेरच्या खोलीत, गोळी घेऊन गाढ झोपलेली. भागीरथीबाई स्वयंपाकघरात कोळसे फुलवत होती. श्रीकांतने आतल्या खोलीतली फट चिंध्यांनी गच्च बुजवली, हात लावून पाहिलं, वाऱ्याची झुळूक नाही. वरून पडदा ओढला. मनात इतका खूश झाला, की बाप म्हणून आज काही तरी केलं आपण.

रात्री झोपण्याआधी तो आतल्या दारापर्यंत गेला. शेगडी लालबुंद. सासू तळवे शेकून तेजूला लावत होती. चाहूल लागताच तिने पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

श्रीकांत खाकरला.

सांगायचं काय होतं? एवढंच, की फट बुजवली आहे, शेगडी बाहेर ठेवा. धुराचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता असं नाही रे पोरांनो. आला होता. म्हणून तर तो दारापर्यंत गेला. पण इतक्या दिवसांत त्या बाईशी एक शब्द सरळ बोललेला नाही, आता रात्रीच्या वेळी तोंड कसं उघडायचं? मनीषाला उठवावं तर ती तापात. सकाळी सांगू तिच्याकडून, असं म्हणत तो माघारी फिरला. त्याच्या पाठीमागे भागीरथीबाईने दार लोटून घेतलं. पोरीला गारवा नको म्हणून.

सकाळी तोच आधी उठला. दार उघडलं. आतली हवा कोंदट, जड. निखाऱ्यांची राख झालेली.

भागीरथीबाई खिडकीखाली पडली होती. आणि तेजू खिडकीच्या दगडी कट्ट्यावर, दुपट्यात गुंडाळलेली, तोंड फटीकडे केलेलं. बारीक आवाजात कण्हत होती. जिवंत होती. फटीतल्या थोड्या चिंध्या उपसलेल्या होत्या. बोटभर भोक पडलं होतं, तेवढंच. लाकडावर नखांचे ओरखडे होते. आणि म्हातारीच्या मुठीत एक चिंधी होती.

त्याला सगळं कळलं. अंधारात गुदमरून ती जागी झाली असेल. फट असायची तिथे फट नव्हती. दारापर्यंत जायचं, खिडकीची वरची कडी काढायचं बळ राहिलं नसेल. मग होतं नव्हतं ते बळ तिने पोरीला वर ठेवण्यात आणि चिंध्या ओढण्यात घातलं.

आता ऐका त्याने काय केलं. पोरीला छातीशी धरलं, ते बरोबर. पण मनीषाला हाक मारायच्या आधी त्याने तिला परत कट्ट्यावर ठेवलं आणि ती मूठ उघडली. गार बोटं एकेक करून उलगडली. चिंधी काढली. उरलेल्या चिंध्या उपसल्या, सगळ्या पिशवीत घातल्या, पिशवी माळ्यावर टाकली. खिडकी सताड उघडली. आणि मग ओरडला.

मनीषाने विचारलं, "पोरगी कट्ट्यावर कशी?"

"मीच ठेवली," तो म्हणाला. "हवा लागावी म्हणून."

झालं. सगळ्या गल्लीने एकच निकाल दिला. म्हातारीने खिडकी-दार लावून शेगडी उशाशी घेतली, स्वतः गेली आणि लेकरालाही नेत होती. मीही तेच म्हणालो, खोटं कशाला बोलू? तेजूच्या बारशाला नेसलेलं निळ्या काठाचं लुगडं तिला नेसवलं. त्याच्या काठाला मनीषाने बारशाच्या सकाळी लाल दोऱ्याचा टाका घातला होता, निळा सापडला नाही म्हणून. तापीच्या घाटावर रावेरच्या पुतण्याने अग्नी दिला. तो निळा काठ जळताना श्रीकांतने आपल्या डोळ्यांनी पाहिला.

मनीषा मात्र रडली नाही. तिने आईचा फोटोही भिंतीला लावू दिला नाही.

"माझी पोरगी गेली असती ना!" ती म्हणायची. "आईला एवढं कळू नये? मी नाही तिला माफ करणार. कधीच नाही."

श्रीकांत म्हणायचा, "जाऊ दे आता." दुसरं काही म्हणायचाच नाही. एका शब्दाने लेकीला तिची आई परत मिळाली असती, आणि तो शब्द याच्या तोंडात अडकून बसला होता. पण तो बोलला तर बायको गेली, संसार गेला, ही भीती.

शेगडी बंद झाली, हीटर आला. पण थंडी वाढत चालली, आणि एका रात्री मनीषाच म्हणाली, "अहो, त्या फटीतून केवढा वारा येऊ राहिला. कोंबा ना तिथे काही तरी."

काय करेल बिचारा? नाही कसं म्हणेल? माळ्यावरून तीच पिशवी काढली. त्याच चिंध्या. मनीषाकडे पाठ करून एकेक फटीत कोंबली.

सकाळी चिंध्या खाली पडलेल्या. फट उघडी. मांजर असेल, म्हणाले. दुसऱ्या रात्री पुन्हा कोंबल्या. सकाळी पुन्हा खाली. मग त्याने आतून पुठ्ठा ठोकला, खिळे मारून. सकाळी पुठ्ठा जागेवर. खिळे जागेवर. चिंध्या खाली, खिडकीच्या पायथ्याशी, छोटा ढीग करून ठेवलेल्या.

मनीषा म्हणाली, पोरीला घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊ. गेले. तर त्या रात्री तेजू असं रडली की गल्ली जागी झाली. आतल्या खोलीत नेली की गप्प. पण तिथे पुठ्ठ्याच्या कडांमधून वारा. पोरीला खोकला झाला. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, हिला ऊब पाहिजे, छाती भरली तर दवाखान्यात ठेवावं लागेल.

श्रीकांत खचला. त्याला वाटलं, म्हातारी पोरीला न्यायला आली आहे. माझ्या पापाची किंमत माझ्या लेकराकडून घेते आहे.

मग आली भोगीची रात्र. दुसऱ्या दिवशी तेजूचं बोरन्हाण करायचं म्हणून मनीषाने काळं झबलं शिवून उशाशी ठेवलेलं. जेवणं झाली आणि लाईट गेली. हीटर विझला. मनीषा पोरीला पोटाशी घेऊन पांघरुणात शिरली. श्रीकांतने पुठ्ठा काढून फट पुन्हा बुजवली आणि समोर भिंतीला टेकून बसला. आज बघायचंच, म्हणाला.

बोळात कुत्रं नाही. लूमची खडखड नाही. तेजूच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

त्याचा डोळा लागला असेल, नसेल...

खर्र.

त्याने डोळे उघडले.

खर्र... खर्र...

लाकडावर नखं. बाहेरून नाही. आतून.

पडदा जागचा हलत नव्हता. पण त्याच्याखालून एक चिंधी आली. खाली पडली. मग दुसरी. अगदी सावकाश. दमलेल्या माणसाने ओढावी तशी.

मग वास आला. निखाऱ्यांचा. ओव्याचा.

त्याने मोबाइलची बॅटरी लावायला हात नेला. हात उचलला जाईना. अंधार डोळ्यांना सरावला, आणि दिसलं... खिडकीखाली कुणी तरी बसलं होतं. बारीक अंगाचं.

पदर पुढे ओढलेला.

तोंड भिंतीकडे.

ते वळलं नाही. वळणारच नव्हतं. जावई समोर होता ना...

चिंधी. अजून एक.

किती वेळ गेला, त्याला ठाऊक नाही. शेवटी तो खाकरला. त्या रात्रीसारखाच. नखांचा आवाज थांबला.

"आई," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. "आई, फट मी बुजवली होती."

अर्धी ओढलेली चिंधी पडद्याखाली तशीच लोंबत राहिली.

"तुम्हाला सांगितलं नाही. दारात आलो आणि परत गेलो. तुमच्या मुठीतली चिंधी मी काढली... तेजूला कट्ट्यावर तुम्ही ठेवलं. मी नाही. तुम्ही वाचवलं तिला."

नुसता ओव्याचा वास.

आणि मग पाठीमागून आवाज आला. "काय म्हणू राहिले तुम्ही?"

मनीषा उठून बसली होती. त्याने मान वळवली नाही. खिडकीकडे बघतच सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. सांगून झाल्यावर पाहिलं तर खिडकीखाली कोणी नव्हतं. चिंध्यांचा ढीग होता.

मनीषा उठली. पोरीला घेऊन खिडकीखाली जाऊन बसली, जमिनीवर. भिंतीला गाल लावला आणि "माय... माय गं..." करत रडली. इतक्या दिवसांचं सगळं रडली. रडता रडता तिथेच, पोरीला पदराखाली घेऊन झोपी गेली. श्रीकांत बसल्या जागी तसाच राहिला. फट उघडी आहे, ती पुन्हा बुजवावी, हे भान दोघांनाही नव्हतं.

पुढे आईचा फोटो भिंतीला लागला. रोज हार असतो. नवऱ्याला तिने माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. सोबत राहतात, तेजू आता शाळेत जाते, एवढं खरं. पण ते नंतरचं. त्या सकाळचं सांगायचं राहिलंच.

सकाळी मनीषा जागी झाली ती पोरीच्या काळजीने दचकून. रात्रभर उघड्या फटीखाली निजवलं म्हणून पटकन हात लावला. तेजू उबदार. कपाळावर घामाचे थेंब. छातीत घरघर नाही. आणि खोलीत वारा नाही.

श्रीकांतने पडदा बाजूला केला.

फट बुजलेली होती. लूमच्या चिंध्या सगळ्या खालीच होत्या, जशाच्या तशा. फटीत एकच लांब पट्टी होती, घडी घालून, बोटांनी नीट दाबून बसवलेली. निळ्या काठाची. काठावर लाल दोऱ्याचा टाका.

मनीषाने तिला हात लावला. पट्टी गरम होती, नुकती शेगडीवर शेकून घेतलेली असावी तशी.